भेंडीच्या खोक्यावरचा नंबर

माझी पहिली नोकरी मुरबाडच्या एमआयडीसीतली, टायपिस्टची. कारखाना लोखंडी व्हॉल्व्ह बनवायचा आणि ते परदेशात जायचे. व्हॉल्व्ह कसे बनतात ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण जाताना ते किती कागद मागतात ते पहिल्याच आठवड्यात कळलं आणि माझ्या नाकी नऊ आले. बिल वेगळं, मालाची यादी वेगळी, माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला वेगळा, कस्टमचा कागद वेगळा, बँकेचा वेगळा, जहाजवाल्याचा वेगळा. सगळ्यांना हवी असायची माहिती तीच. कुणी पाठवलं, कुणाला, काय, किती, कशात भरून. पण प्रत्येक कागदाला ती आपल्या सोयीच्या जागी हवी. एकाला घेणाऱ्याचं नाव डावीकडे वर, दुसऱ्याला उजवीकडे खाली, तिसऱ्याला थेट पाठीमागे. एकच गोष्ट सहा वेळा टाईप करायची, आणि सहापैकी एकदा तरी बोट चुकायचंच.

एकदा मी एका कागदावर ‘केस’ टाईप केलं आणि दुसऱ्यावर ‘बॉक्स’. लाकडी पेट्या त्याच होत्या. बंदरावरच्या माणसाने विचारलं, केस दिसतायत, बॉक्स कुठे आहेत? माल अडकला. मी मुळातच तापट. कारखान्याच्या मॅनेजरना म्हणाले, त्या माणसाला पेट्यांसमोर उभं करा आणि विचारा, तुला किती दिसतात. ते म्हणाले, मॅडम, तो पेट्या बघत नाही, कागद बघतो. हे उत्तर मला तेव्हा अजिबात पटलं नव्हतं.

मग नव्वदीच्या सुरुवातीला कधीतरी नवे फॉर्म आले. जगातल्या बऱ्याच देशांनी मिळून म्हणे एक आराखडा ठरवला होता. सगळे कागद एका मापाचे, आणि सगळ्यांवर एकच चौकट एकाच जागी. पाठवणारा डावीकडे वर, त्याच्या खाली घेणारा, मधे मालाचं वर्णन, उजवीकडे वजन. एक मूळ कागद नीट टाईप करायचा आणि बाकीचे त्याच्यावरून काढायचे. जिथे किंमत दाखवायची नाही तिथे कागदाची पट्टी ठेवून झाकायचं. ऑफिसातले जुने लोक कुरकुरले, पण मला ते फॉर्म बघून खरोखर आनंद झाला. असा आनंद लोकांना दागिने बघून होतो हे मला ठाऊक आहे. मला चौकटी बघून झाला.

यात थोडा बाबांचा वाटा असावा. आमचं गाव खर्डीच्या अलीकडे, आणि बाबा तानसा तलावावर मुंबईच्या पाण्याच्या खात्यात नोकरीला होते. रोज सकाळी तलावाची पातळी बघायची आणि वहीत मांडायची, हे त्यांच्या कामातलं एक काम. तोच आकडा फोनवरून मुंबईला सांगायचा. तो बरोबर तसाच तिकडे लिहिला गेला ना, हे ते परत विचारून घ्यायचे. आमच्या आजोबांच्या पिढीने धर्म बदलला, त्यानंतर नोकरीच्या कागदावर चढलेलं घरातलं पहिलं नाव बाबांचं. कागदावर त्यांचा फार जीव. ‘आपण सांगून कोण ऐकत नाय, कागद सांगतो तेव्हा ऐकतात,’ असं ते मला म्हणायचे. मी त्यांचीच मुलगी.

पुढे तो कारखाना गुजरातेत गेला. तोवर माझं लग्न होऊन मी शहापुरात राहायला आले होते आणि टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आले होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर एका शेठने भाजीचं पॅकहाउस काढलं. आपल्याकडची भेंडी, मिरची, कारली तिथे निवडायची, खोक्यात भरायची, गार खोलीत ठेवायची आणि विमानाने युरोपला पाठवायची. त्यांना कागद सांभाळणारं कुणीतरी हवं होतं. मला वाटलं, व्हॉल्व्ह काय आणि भेंडी काय, चौकटी त्याच.

चौकटी त्याच होत्या, एक मात्र वाढली होती. व्हॉल्व्हला कुणी विचारत नव्हतं की तू कुठल्या खाणीतल्या लोखंडाचा. भेंडीला विचारायचे. तिकडच्या दुकानात एखाद्या खोक्यातल्या भेंडीत औषधाचा अंश सापडला, तर ती नेमकी कुठल्या शेतातून आली ते कागदावरून मागे मागे चालत जाऊन शोधता आलं पाहिजे. म्हणून प्रत्येक प्लॉटला एक नंबर. तोच नंबर क्रेटच्या चिठ्ठीवर, तोच खोक्याच्या लेबलवर, तोच मालाच्या यादीवर, तोच रोगमुक्तीच्या दाखल्याच्या पुरवणीवर, आणि नंबरच्या शेजारी उत्पादकाचं नाव. कुठेही फरक पडला की माल विमानतळावर वाळत बसणार. हे सगळं मला इतकं आवडलं की शेठ म्हणाले, मॅडम, तुम्ही पहिल्याच आहात ज्यांना हे ऐकून झोप आली नाही.

आमचे शेतकरी आजूबाजूच्या गावांत विखुरलेले होते, पण सगळ्यांत चांगली भेंडी यायची ती काळू नदीच्या अंगाला असलेल्या एका वाडीतून. सात-आठ घरांची ठाकरांची वाडी. भात निघालं की नदीवरून इंजिनाने पाणी घेऊन ते भेंडी लावायचे. शेतं लहान, बांधाला बांध लागून. कोवळी, हिरवीगार, एका लांबीची भेंडी यायची त्यांच्याकडून, जणू एकाच घरच्या बहिणी. मी पत्र्याच्या पट्ट्यांवर नंबर रंगवून घेतले आणि स्वतः जाऊन वाडीत वाटले. हे आपापल्या शेताच्या बांधावर लावा, म्हणून नीट समजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या. पुन्हा गेले तेव्हा बघते तर पट्ट्या घरांच्या दारांवर. एकूण एक घर. कुणी तर वर शेंदराचं बोट लावलेलं.

मी चिडले. वाडीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला म्हटलं, “काका, शेतात लावायला दिलं होतं ना?”

“शेतात गुरं अंग घासतात त्याला,” तो म्हणाला. “घरावर बरा दिसतो. रेशन कार्डाचाबी नंबर घराचाच असतो ना गो.”

शेजारी एक बाई उभी होती. पन्नाशीच्या आसपासची, काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. नवरा वारलेला, मुली लग्न होऊन गेलेल्या, एकटीच राहायची. वाडी तिला मावशी म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. ती म्हणाली, “तू पत्रा दिलास, आमी लावला. आता तुला शेतात पायजे तं शेतात लावू. पत्र्याला काय, कुठंबी लटकतो.” आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पट्ट्या बांधांवर गेल्या. मला वाटलं, समजलं त्यांना. पट्टी हलली होती, इतकंच. डोक्यात नंबर घराचाच राहिला होता, हे मला पुढे कळलं.

एक हंगाम सुखात गेला. रोज टेंपो यायचा, क्रेट उतरायचे, प्रत्येक क्रेटला नंबराची चिठ्ठी, मी ती कॉम्प्युटरवर चढवायची. एकदाही गडबड नाही. मी घरी नवऱ्याला सांगायचे, त्या वाडीकडून शिका जरा.

दुसऱ्या हंगामात, थंडी सरत आली असताना, खरेदीदाराच्या वतीने तपासणी करायला पुण्याहून एक गृहस्थ आले. शांत, चष्मेवाले, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी आमच्या गार खोलीतून डोळे मिटून उचलावं तसं कुठलंही एक खोकं उचललं, लेबलवरचा नंबर वाचला आणि म्हणाले, “मला या प्लॉटवर घेऊन चला.” मी मनातून खूश. माझे कागद म्हणजे सरळ रस्ता. मी त्यांना खोक्यावरून यादीवर नेलं, यादीवरून क्रेटच्या चिठ्ठीवर, चिठ्ठीवरून नोंदणीच्या नकाशावर, आणि मग शेठच्या जीपने वाडीवर. पत्र्याची पट्टी बांधावर दिमाखात उभी होती. नंबर तोच.

पट्टीमागे भेंडीचं एक झाड नव्हतं. वाल होता. चांगला शेंगांनी लगडलेला वाल.

तपासणीस साहेबांनी चष्मा पुसला. शेठ माझ्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेवढ्यात बांधावरून मावशी आली, शेत तिचंच. आम्हाला बघून तिला आनंद झाला. “केवडा पडला गो भेंडीवर,” ती म्हणाली, “पिवळी झाली सगळी. उपटली नि वाल टाकला. बसा, शेंगा उकडल्यात मी.” आणि तिने खरोखरच द्रोणात उकडलेल्या शेंगा आणून साहेबांच्या हातात दिल्या.

साहेबांनी एक शेंग सोलून खाल्ली. मग हळूच विचारलं, “मग या नंबरने भेंडी कशी येते, मावशी?”

“माझी तोडणी असते ना.”

ते त्यांना कळलं नाही. मलाही कळलं नाही. कळायला दुसऱ्या दिवशी सकाळी मला तोडणी चालू असताना वाडीवर जावं लागलं.

भेंडी एक दिवस जरी झाडावर जास्त राहिली तरी निबर होते, मग ती कुणी घेत नाही. म्हणून ती एकाआड एक दिवस, ऊन चढायच्या आत तोडावी लागते. एका घरात हात किती, दोन नाहीतर तीन. एकट्या घराकडून ते होत नाही. तेव्हा वाडी भाताच्या लावणीला जे करते तेच भेंडीला करत होती. सावड. सगळ्यांनी मिळून एकाचं शेत उरकायचं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. सगळी भेंडी नदीकाठच्या मोहाच्या झाडाखाली एका ताडपत्रीवर ओतायची, सगळ्यांनी बसून निवडायची, आणि मग वाटे करायचे. वाटे शेताप्रमाणे नाहीत, हातांप्रमाणे. ज्या घरातून जितकी माणसं तोडायला आली, त्या घराचे तितके क्रेट, आणि त्या क्रेटला त्या घराचा नंबर. म्हणजे माझ्या कागदावरचा सरळ रस्ता मोहाखाली येऊन थांबत होता. तिथून पुढे कुठली भेंडी कुठल्या शेतातली हे देवालाही सांगता आलं नसतं.

मी ताडपत्रीच्या कडेला कपाळाला हात लावून बसले. मावशी माझ्यासमोर भेंडी निवडत होती. तिची बोटं इतकी भरभर चालत होती की बघत राहावं.

“मावशी, तुमच्या शेतात भेंडी नाय, तरी तुमच्या नंबरने खोकी जातात. ही खोटी माहिती झाली,” मी म्हणाले.

तिचे हात थांबले. “खोटं काय त्यात? मी सगळ्यांच्या शेतात तोडते. माझ्या शेतात तोडायला काय नाय, तर माझी सावड कशी फेडायची त्यांनी? वाट्यातून फेडतात. मी फुकट नाय घेत कुणाचं. हात बघ माझे.” आणि तिने हात पुढे केले. भेंडीच्या लवेने बोटं लाल झाली होती, कातडी सोलली होती.

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. राग तिचा नाही, चौकटीचा. हिच्या हातांसाठी माझ्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

साहेबांनी आदल्या दिवशी जाताना सांगितलं ते साधं होतं. महिन्याभराने ते परत येतील. तोवर प्रत्येक खोकं आपल्या प्लॉटपर्यंत पोचलं पाहिजे, नाहीतर ही वाडी यादीतून काढावी लागेल. शेठला विचार करायला फार वेळ लागला नाही. “आपल्याकडे टाइम नाय मॅडम. प्रत्येकाची भेंडी वेगळी तोडायला सांगा. वेगळे क्रेट, वेगळी ताडपत्री. आणि त्या बाईचा नंबर कट करा, शेतात वाल आहे तिच्या.” नियमाने बघितलं तर त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

मी वाडीवर जाऊन सांगितलं. वाडीने ऐकून घेतलं. कुणी भांडलं नाही, यानेच मी जास्त अस्वस्थ झाले. मावशी तर हसली. “बरं झालं, पाठ मोडत व्हती,” म्हणाली.

पुढच्या तोडणीपासून ज्याचं त्याने तोडायला सुरुवात केली. आणि माल बिघडला. ज्या घरात तिघं होती त्यांचं कसंबसं निभावलं. जिथे नवरा-बायको दोघंच, किंवा कुणी आजारी, त्यांची अर्धी भेंडी झाडावरच निबर झाली. पॅकहाउसच्या बायका क्रेट उलटा करायच्या आणि भेंडीचं टोक मोडून बघायच्या. मोडलं नाही की बाजूला. बाजूचा ढीग रोज वाढत होता. माझे कागद आता अगदी खरे होते, आणि खोकी निम्मी भरत नव्हती.

एकदा वाडीवरून जाताना मावशीच्या दारात डोकावले. सकाळची, तोडणीची वेळ. ती उंबऱ्यावर बसून होती. हातात काही काम नाही. एरवी तिच्या आवाजाने वाडी दणाणायची, आता सगळी वाडी आपापल्या बांधात गप्प वाकलेली. “नाय गेलात कुणाकडं?” मी विचारलं. 

“कुणाकडं जाऊ?” ती म्हणाली. “एकाकडं गेले तर त्याच्या चिठ्ठीवर माझं काय लागत नाय. त्याला वाटतं, हिचं फेडायचं कसं. बोलवायलाच लाजतात ते. पावसात लावणी येईल तेव्हाबी लाजतील.” मग म्हणाली, “माणूस सावडीतून गेला की वाडीत राहून नसल्यासारखा गो.”

तेव्हा मला नेमकं कळलं काय चाललंय ते. भेंडी गेली असती तर दुसरं पीक आलं असतं. हिची जागा गेली असती तर परत आली नसती. उद्या हिच्या भाताच्या लावणीला कुणी आलं नसतं, आजारी पडली तर पाणी द्यायला कोण येणार तेही ठरलं नसतं, कारण ते सगळं त्या एका देण्याघेण्यावर उभं होतं. आणि ते माझ्या नंबरने मोडत होतं. मी घरी आले आणि नवऱ्याशी उगाचच भांडले.

भांडून झाल्यावर डोकं जरा शांत झालं आणि मला मुरबाडचा मूळ कागद आठवला. सहा कागदांवर सहा वेळा टाईप करण्यापेक्षा एकच कागद नीट करायचा आणि सगळे त्याच्यावरून काढायचे. मग वाडीचे सात-आठ प्लॉट कशाला? बांधाला बांध लागलेला. इंजिन एक, पाणी एक, बी आम्हीच देतो ते एक, लावणी एकाच आठवड्यातली. वालाचं शेत तेवढं सोडून भोवती एकच रेघ मारली आणि आत सगळ्यांना घेतलं तर? मोहाखाली कितीही ओता, कितीही कालवा. सगळी भेंडी त्या एकाच रेघेच्या आतली, आणि वाटे पूर्वीसारखे हातांप्रमाणे, मावशीचाही त्यात.

पुण्याला साहेबांना फोन लावला. त्यांनी नियम काढून वाचले आणि सांगितलं, चालेल. पण फवारणी सगळ्यांची एकाच दिवशी, एकाच औषधाची. कुणी एकाने गुपचूप दुसरं काही मारलं आणि ते सापडलं, तर सगळी वाडी एकदम बाद. आणि या प्लॉटला जबाबदार म्हणून एक नाव हवं. औषध त्याच्या ताब्यात, पंप त्याच्या ताब्यात. उत्पादकाच्या चौकटीत एकच नाव लिहिता येतं.

शेठने खांदे उडवले. निम्मी खोकी रिकामी बघून तेही कंटाळले होते. मी वाडीवर जाऊन मोहाखाली सगळ्यांना जमवलं आणि साहेबांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. एकाच्या चुकीने सगळे बाद, हेही दडवलं नाही. मला वाटलं, इथेच गाडी अडणार.

“त्यात नवीन काय,” कारभारी म्हणाला. “एकाच्या शेतात रानडुक्कर शिरला तर दुसऱ्याचं सोडतो काय तो.”

अडलं ते नावावर. कुणाचं नाव द्यायचं? सगळे कारभाऱ्याकडे बघू लागले. मलाही तेच वाटत होतं, मी पेन उघडून बसले होते. म्हाताऱ्याने तंबाखू मळली, तोंडात टाकली, आणि मागे झाडाच्या मुळावर बसलेल्या मावशीकडे बोट केलं. “हिचं लिव.”

मावशी दचकली. “माझं? अरे, माझ्या शेतात वाल हाय.”

“म्हणून तर,” तो म्हणाला. “भेंडीवर अळी आली की माझाबी जीव राहणार नाय. दुकानातून काय मिळंल ते आणीन नि मारीन. ह्यो मारील, त्यो मारील. तुझी भेंडीच नाय, तुझा जीव कशाला तुटंल? पंप तुझ्या घरात ठेवू. औषध तुझ्या घरात. कुलूप तुझं.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “चालंल ना तुझ्या सायबाला?”

मी विचारात पडले. जिचं शेत रेघेबाहेर, तिचं नाव रेघेच्या आतल्या सगळ्यांसाठी. पण नियमात कुठेच म्हटलं नव्हतं की जबाबदार माणसाची स्वतःची भेंडी हवी. उलट साहेबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले. म्हणाले, ज्याला फवारायचा मोह नाही असा माणूस किल्ली घेऊन बसलाय, यापेक्षा चांगली व्यवस्था मी बघितली नाही.

“मी काय नाय लिवणार-बिवणार,” मावशी कुरकुरली. “मला अक्षर येत नाय.”

“लिवायला मी येईन दर आठवड्याला,” मी म्हटलं. “तुमी फक्त सांगायचं, कधी मारलं नि काय मारलं.”

ती पदर खोचून उठली आणि घरात पंपाला कुठे जागा होते ते बघायला गेली.

जुन्या पट्ट्या काढल्या. एकच नवी पट्टी रंगवली, आणि ती वाडीने कुठे लावली असेल ते सांगायला नको. मावशीच्या दारावर. या वेळी मी काही बोलले नाही. दुसरी एक पट्टी करून घेतली आणि नियमापुरती बांधावर लावली. तोडणीला परत सगळे एकत्र उतरले, मावशीचा आवाज परत नदीपलीकडे ऐकू जायला लागला. कुणाच्या घरातून कुणी तोडायला आलं नाही तर ती त्या घरासमोर उभी राहून त्यांची खरडपट्टी काढायची. अळी आली तेव्हा एक जण खरंच दुकानातून बाटली घेऊन आला होता म्हणे. मावशीने पंप दिला नाही आणि बाटली परत करायला लावली. हे मला तिने सांगितलं नाही, त्या माणसाच्या बायकोने सांगितलं.

साहेब महिन्याने आले, खोकं उचललं, नंबर वाचला, वाडीवर गेले. रेघेभोवती फिरले, मावशीच्या कुलपाची किल्ली मागून बघितली, वालाच्या शेंगा मात्र या खेपेला संपल्या होत्या. वाडी यादीत राहिली.

त्या दिवशी साहेबांनी सही केल्यावर माझा जीव भांड्यात पडला, आणि मला वाटलं, मावशीला हे दाखवावं. मी त्या दिवसाच्या मालाच्या कागदांच्या प्रती घेतल्या. खोक्याचं लेबल मोठं करून छापलेलं, मालाची यादी, फवारणीचा तक्ता, दाखल्याची पुरवणी. उत्पादकाची चौकट मी आमच्या सगळ्या कागदांवर एकाच जागी बसवली होती, मुरबाडची सवय. ते घेऊन संध्याकाळच्या आत वाडीवर गेले. मावशी अंगणात भाकरीचं पीठ चाळत होती. 

“हे कागद परदेशात जातात तुमच्या भेंडीबरोबर,” मी म्हटलं.

“माझी कुठली भेंडी,” ती म्हणाली, पण पिठाचे हात झटकून जवळ आली. “ह्यात माझं नाव कुठंय?”

मी तिचं बोट धरलं आणि पहिल्या कागदावर, डावीकडे, तिसऱ्या चौकटीत टेकवलं. कागदावर पिठाचा ठिपका उमटला. ती त्या अक्षरांवर वाकली. तिला अक्षरं वाचता येत नव्हती, आणि ही तर इंग्रजी होती.

मग तिने तो कागद बाजूला केला. दुसरा उचलला, गुडघ्यावर सरळ ठेवला, आणि मी काही बोलायच्या आत तिचं बोट डावीकडे, तिसऱ्या चौकटीवर गेलं. “हितं,” ती म्हणाली. तिसरा उचलला. “हितं.” चौथा. बोट चुकलं नाही. 

मी दहा-बारा वर्षं त्या चौकटींवर काम करत होते. त्या कस्टमसाठी आहेत, बँकेसाठी आहेत, कॉम्प्युटरसाठी आहेत, असं मला सांगितलं गेलं होतं आणि मी इतरांना सांगत आले होते. माझे डोळे भरून आले. ते तिला दिसू नयेत म्हणून मी कागद गोळा करू लागले.

तिने शेवटचा सोडला नाही. “नि बाकीच्यांची नावं?”

“बाकीचे सगळे तुमच्याच नावात.”

“येवढी घरं?” ती चौकटीकडे बघत म्हणाली. “मंग जरा मोठं लिवायचं.”

“चौकट तेवढीच असते, मावशी. सगळ्या जगात तेवढीच.”

“बोटबी मावत नाय तिच्यात,” ती म्हणाली, आणि बोट तिथेच ठेवून तिने शेजारच्या घराकडे तोंड करून सगळ्यांना हाका मारायला सुरुवात केली.